विद्यापीठाचे उपकरण केंद्र आणि तिथले काम

विद्यापीठाचे मध्यवर्ती उपकरण केंद्र ही अनेक विभागांनी मिळून वापरायच्या यंत्रांची जागा असते. एक्सआरडी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एनएमआर, एफटीआयआर, जीसी-एमएस ही यंत्रे महाग आणि नाजूक असतात. प्रत्येक विभागाला आपापले यंत्र परवडत नाही, आणि परवडले तरी एकट्या विभागाचे काम त्याला दिवसभर पुरत नाही. फील्ड एमिशन प्रकारचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा एनएमआर यांची किंमत कोटींच्या घरात जाते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्या रेणूची रचना पडताळायची असते, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेसाल्टमधली खनिजे ओळखायची असतात, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला परागकणाचे कवच पाहायचे असते. तिघांचीही गरज एकाच इमारतीत भागते. विद्यापीठात पाहुणे आले की ही यंत्रे अभिमानाने दाखवली जातात. ती रोज चालू कशी राहतात हे केंद्रात काम करणाऱ्यांना ठाऊक असते, आणि विद्यापीठातल्या प्रायोगिक संशोधनाचा बराचसा भार त्याच कामावर असतो.

भारतात अशा केंद्रांची सुरुवात १९७० च्या दशकाच्या मध्यात झाली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ‘रीजनल सोफिस्टिकेटेड इन्स्ट्रुमेंटेशन सेंटर’ या नावाने प्रादेशिक केंद्रे उभारली. मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी, लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ ही त्यांतली काही जुनी ठिकाणे. पुढे या केंद्रांना ‘सैफ’ हे नाव मिळाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही आता सैफ आहे. या योजनेमागचा विचार शहाणपणाचा होता. ज्या महाविद्यालयात साधा वर्णपटमापीसुद्धा नाही तिथल्या प्राध्यापकानेही नमुना पाठवावा, माफक शुल्क भरावे आणि देशातल्या चांगल्या यंत्रावरची मोजणी मिळवावी. विदर्भातल्या कितीतरी प्रबंधांतले आलेख या एका सोयीमुळे शक्य झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून याच्या जोडीला ‘यूसिक’ ही केंद्रे निघाली. यूसिकचा भर दुरुस्तीवर आणि घडणीवर होता. तिथे लेथ होते, इलेक्ट्रॉनिक्सची टेबले होती, आणि अनेक ठिकाणी काचकाम करणारा कारागीर होता. विद्यार्थ्याने कागदावर आकृती काढून द्यायची आणि त्याने ज्योतीवर नळी फिरवत, फुंकर घालत हवे तसे काचपात्र किंवा निर्वातनलिकेचा जोड तयार करून द्यायचा. परदेशी कंपनीच्या यादीत नसलेली वस्तू अशी दोन-चार दिवसांत हाती येत असे. पुढे २००० मध्ये फिस्ट योजना आली, २०१३ मध्ये रुसा आली, आणि अनुदानातून नवी यंत्रे झपाट्याने येऊ लागली. यूसिकच्या कार्यशाळा मात्र अनेक विद्यापीठांत हळूहळू ओस पडल्या. काचकाम करणारे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. विकत घेण्याची ताकद वाढत असताना सांभाळण्याची ताकद घटली, आणि आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे सापडते.

यंत्र येण्याआधी खोली तयार करावी लागते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तळमजला निवडतात, कारण वरच्या मजल्यांवर कंपने जास्त जाणवतात. जवळून जड वाहनांचा रस्ता किंवा लिफ्ट जात असेल तर लाखभर पट मोठ्या केलेल्या प्रतिमेच्या कडा दातेरी दिसतात. तापमान बावीस-तेवीस अंशांवर स्थिर लागते. विजेच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत नसेल तर यंत्र बसवायला आलेला अभियंता खोकेच उघडत नाही. अर्थिंगचा खड्डा एकदा खणून विसरता येत नाही. मीठ-कोळसा भरलेल्या पारंपरिक खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालावे लागते, नाहीतर माती कोरडी पडून रोध वाढतो. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात हे काम चुकले तर त्याचा परिणाम आलेखातल्या अकारण खरखरीत दिसतो, आणि ती खरखर कुठून आली हे शोधण्यात आठवडा जातो. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांत तर यूपीएसच्या बॅटऱ्यांची उरलेली मिनिटे आणि जनरेटरमधले डिझेल पाहूनच दिवसाचे वेळापत्रक आखावे लागे.

केंद्रातला दिवस फेरीने सुरू होतो. चिलरमधल्या पाण्याची पातळी आणि तापमान, निर्वाताचे आकडे, वायूच्या सिलिंडरांचा दाब, खोलीतली आर्द्रता, रात्रीतून यूपीएसने दिलेल्या सूचना हे सारे नोंदवहीत उतरते. नव्या माणसाला ही नोंदवही कटकट वाटते. अनुभवी तंत्रज्ञ मागची पाने चाळतो आणि निर्वाताचा आकडा रोज थोडा थोडा घसरतो आहे हे पाहून पंपाचे तेल बदलायची वेळ आल्याचे ओळखतो. बिघाड होण्याआधी त्याची चाहूल लागणे हे या कामातले खरे कौशल्य आहे. ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते. ते नोंदवहीत आणि माणसाच्या कानांत साठत जाते: निर्वातपंपाचा आवाज किंचित बदलला तरी रोज तो ऐकणाऱ्याला कळतो.

मग नमुने येतात. केंद्राच्या अडचणी यंत्रापेक्षा नमुन्यांतून अधिक येतात, हे इथे काम केलेल्या कुणालाही विचारावे. लहान बाटल्या, पाकिटे, एपेनडॉर्फ नळ्या. त्यांवर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ एवढेच लिहिलेले. अर्जातला ‘नमुन्याचे स्वरूप’ हा रकाना अनेकदा रिकामा असतो. तो रिकामा ठेवून चालत नाही, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातकक्षात ओलसर नमुना गेला तर बाष्पामुळे निर्वात बनतच नाही, आणि सैल भुकटी गेली तर तिचे कण आत उडतात. सर्वांत धोक्याची असते चुंबकीय भुकटी. लोहऑक्साइडचे नॅनोकण हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे, आणि नीट न चिकटवलेले ते कण सूक्ष्मदर्शकाच्या चुंबकीय भिंगाकडे ओढले जातात. एकदा ते आत जाऊन बसले की साफसफाईला अभियंता बोलवावा लागतो आणि यंत्र कित्येक दिवस बंद राहते. म्हणून ‘नमुना चुंबकीय आहे का?’ हा प्रश्न अर्जात ठळक असतो, आणि जाणता तंत्रज्ञ उत्तरावर विसंबून न राहता बाटलीजवळ साधे लोहचुंबक धरून पाहतो.

सूक्ष्मदर्शकासाठीची तयारी हाताने करायची असते. धातूच्या छोट्या बैठकीवर कार्बनची चिकटपट्टी लावायची, तिच्यावर चिमूटभर भुकटी टाकायची, सैल कण हवेच्या झोताने उडवून द्यायचे. नमुना विद्युतवाहक नसेल तर त्याच्यावर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा काही नॅनोमीटर जाडीचा थर द्यायचा. थर दिला नाही तर इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर साचून प्रतिमा पांढरी पडते आणि सरकते. थर जाड झाला तर सोन्याचेच दाणे नमुन्याचे दाणे म्हणून दिसू लागतात. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर ठेवतात. मूलद्रव्यांच्या विश्लेषणात तांबे दिसले की नवखा विद्यार्थी आपल्या पदार्थात तांब्याची भेसळ झाली म्हणून घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांबे सापडल्याचे लिहून मोकळा होतो. ते तांबे जाळीचे आहे, कार्बन चिकटपट्टीचा आहे, सोने वरच्या थराचे आहे, हे सांगणारे माणूस तिथे लागते.

पावसाळ्यात अवरक्त वर्णपट काढणाऱ्या एफटीआयआरची परीक्षा असते. या यंत्रासाठी एक-दोन मिलिग्रॅम नमुना शंभरपट पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून, दाबयंत्रात दाबून काचेसारखी पारदर्शक चकती करतात. पोटॅशियम ब्रोमाइड पाणी पटकन ओढून घेते. जून ते सप्टेंबरमध्ये चकती दाबयंत्रातून निघून नमुनाकक्षात जाईपर्यंतच धुरकट होऊ लागते, आणि वर्णपटात ३४०० सेमी⁻¹ च्या आसपास पाण्याचा रुंद पट्टा उमटतो. विद्यार्थी तो पट्टा आपल्या पदार्थातला हायड्रॉक्सिल गट समजतो. यंत्राच्या आतला प्रकाशविभाजकही बहुधा याच क्षारापासून केलेला असतो आणि दमटपणाने कायमचा खराब होतो. म्हणून भुकटी भट्टीत वाळवायची, खोलीत आर्द्रताशोषक यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे, यंत्रातल्या निळ्या सिलिका जेलचा रंग गुलाबी झाला की ती बदलायची. ही कामे करायला कुणी आठवण करून देत नाही.

एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचे, तंत्र जुने आणि भरवशाचे. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१२-१३ मध्ये त्याचा पाया घातला, आणि तांब्याच्या लक्ष्यापासून निघणारे ०.१५४ नॅनोमीटरचे क्ष-किरण आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जातात. या यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि दार उघडताच किरण बंद होतील अशी व्यवस्था तपासत राहावी लागते. इथला वारंवारचा दोष यंत्राच्या बाहेर घडतो. स्फटिकांचा आकार काढण्यासाठी शेररचे १९१८ चे सूत्र सर्रास वापरतात. आलेखातल्या शिखराची काही रुंदी खुद्द यंत्राची असते. प्रमाणित पदार्थ मोजून ती वजा केल्याशिवाय आकडा काढला तर तो चुकतो. केंद्राने मोजणीसोबत प्रमाणित पदार्थाचा आलेखही दिला पाहिजे. जी केंद्रे तो देतात त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध निराळे ओळखू येतात.

एनएमआरचे काम या सगळ्यांत वेगळे, कारण हे यंत्र कधीच बंद करता येत नाही. ४०० मेगाहर्ट्झच्या एनएमआरमधले चुंबकीय क्षेत्र ९.४ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट. ते अतिवाहक तारेच्या वेटोळ्यातून निर्माण होते. हे वेटोळे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हीलियममध्ये बुडवलेले असते, आणि त्याच्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचे आवरण असते. नायट्रोजन साधारण आठवड्याने आणि हीलियम काही महिन्यांनी भरावे लागते. दुभत्या जनावराला सणाच्या दिवशीही वैरण लागते, तसे या चुंबकाला दिवाळीच्या सुट्टीतही नायट्रोजन लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठे बंद झाली तेव्हाही जिथे असे चुंबक होते तिथे कुणाला तरी परवाना घेऊन, निर्मनुष्य इमारतीत जाऊन चुंबकात नायट्रोजन भरावे लागले.

हीलियमची पातळी खाली गेली तर वेटोळ्याचा काही भाग तापतो, अतिवाहकता जाते, तारेतल्या प्रवाहाची उष्णता होते आणि उरलेले सगळे हीलियम काही क्षणांत उकळून बाहेर पडते. याला ‘क्वेंच’ म्हणतात. एका लिटर द्रव हीलियमचा खोलीच्या तापमानाला साडेसातशे लिटरच्या आसपास वायू होतो. बंद खोलीत तो साठला तर प्राणवायू हटतो, म्हणून खोलीत प्राणवायू मोजणारे उपकरण आणि मोकळी वाट असणे हा जिवाचा प्रश्न आहे. क्वेंचनंतर चुंबक पुन्हा थंड करून प्रवाह भरायचा तर कंपनीचा तज्ज्ञ आणि शेकडो लिटर हीलियम लागते. भारत आपले जवळजवळ सगळे हीलियम आयात करतो. जागतिक पुरवठा आखडला की भाव चढतात आणि विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातली तरतूद अपुरी पडते. हीलियमची मागणी खरेदी विभागात नेहमीच्या तीन दरपत्रकांच्या रांगेत अडकते तेव्हा एनएमआर सांभाळणाऱ्याला रात्री झोप लागत नाही. चुंबकातली पातळी फाइलीसाठी थांबत नाही. म्हणून हीलियम आणि नायट्रोजन यांचा वर्षभराचा दरकरार आधीच करून ठेवणे ही विद्यापीठ प्रशासनाची पहिली जबाबदारी ठरते.

रोजच्या मोजणीत मात्र एनएमआर समाधान देणारे यंत्र आहे. पाच मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत काही मिलिग्रॅम पदार्थ ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून ठेवला की थोड्याच वेळात रेणूतले हायड्रोजन कुठे कुठे बसले आहेत ते पडद्यावर उमटते. महिनोन्महिने संश्लेषण करत राहिलेल्या विद्यार्थ्याला आपला रेणू खरोखर तयार झाला हे इथे पहिल्यांदा कळते. त्या क्षणी त्याच्या शेजारी बसलेल्या तंत्रज्ञालाही आनंद होतो, आणि तो आनंद वर्षानुवर्षांच्या कामानंतरही कमी होत नाही, असे या क्षेत्रातले लोक सांगतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळांतली मुले केंद्र पाहायला येतात, तेव्हा घड्याळे, किल्ल्या, बँकेची कार्डे बाहेर ठेवून त्यांना या खोलीत आणतात. हृदयात पेसमेकर असलेल्या शिक्षकांना मात्र दाराबाहेरच थांबावे लागते.

यंत्रांच्या वेळेची वाटणी हे जोखमीचे काम आहे. स्वतःच्या विद्यापीठातले विद्यार्थी, संलग्न महाविद्यालये, इतर विद्यापीठे आणि उद्योग यांच्यासाठी शुल्काचे वेगवेगळे दर असतात. २०२० च्या जानेवारीत केंद्र सरकारने आय-स्टेम ही राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. तिच्यावर देशातली यंत्रे शोधून वेळ आरक्षित करता येते. लहान गावातल्या संशोधकाला त्यामुळे ओळखीची गरज उरत नाही, हा तिचा मोठा लाभ. तरीही जानेवारी ते मार्च या महिन्यांत रांग लांबते. प्रबंध सादर करायची मुदत, प्रकल्पाचा निधी ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची अट आणि विभागप्रमुखांचे फोन हे सगळे एकदम येते. रांग मोडली जाऊ नये यासाठी केंद्राच्या प्रमुखाने ठाम राहणे भाग असते. एकदा ती ओळखीने मोडली की दूरच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याचा नंबर लागत नाही.

दुरुस्तीचा खर्च हा सर्वांत दुखरा विषय. अनुदानातून यंत्र येते, हमीची मुदत संपते, प्रकल्पही संपतो, आणि त्यानंतर वार्षिक देखभाल कराराचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. हा करार यंत्राच्या किमतीच्या काही टक्के असतो, आणि किंमतच कोटींत असल्याने रक्कम दरवर्षी लाखांत जाते. २०२२ मध्ये संशोधन संस्थांना यंत्रखरेदीवर मिळणारी जीएसटीची सवलत गेल्याने नव्या खरेदीचा भारही वाढला. सुटे भाग परदेशातून येतात, सीमाशुल्काची कागदपत्रे होतात, आणि एखाद्या पंपासाठी किंवा सर्किट बोर्डासाठी दोन-तीन महिने यंत्र झाकून ठेवावे लागते. कधी यंत्र धडधाकट असते आणि त्याला जोडलेला जुना संगणक बंद पडतो. त्यावर चालणारे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही. यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात किमान दहा वर्षांच्या देखभालीची आणि चालकाच्या पगाराची तरतूद नसेल तर तो प्रस्ताव परत पाठवावा. कमी यंत्रे घेतली तरी चालेल. बंद यंत्रांची खोली विद्यार्थ्याच्या काहीच उपयोगाची नाही.

या कामात सचोटीचा कस वारंवार लागतो. आलेखातली खरखर जरा गुळगुळीत करून द्या, अपेक्षित शिखर दिसत नाही तर पुन्हा चालवा, चांगला दिसणारा एवढाच कोपरा टिपा, अशा विनंत्या येतात. विद्यार्थी बहुतेकदा अप्रामाणिक नसतो. त्याच्यावर मुदतीचे दडपण असते. त्याला मूळ डेटाची फाइल जशीच्या तशी द्यायची, नमुन्यावरच्या चार-पाच वेगवेगळ्या जागांच्या प्रतिमा द्यायच्या, आणि न आलेले शिखर हेही एक उत्तर आहे हे शांतपणे समजावायचे. असे समजावणारा तंत्रज्ञ विद्यापीठातल्या संशोधन-पद्धतीच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो.

आणि तरीही बहुतेक केंद्रांत या माणसांची स्थिती कच्ची आहे. राज्यातल्या विद्यापीठांत शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. यंत्र चालवणारे तरुण अनेकदा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर किंवा प्रकल्पाच्या मानधनावर असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हात बसायला दोन-तीन वर्षे लागतात. हात बसतो तोवर कंत्राट संपते किंवा खासगी कंपनीतून बोलावणे येते, आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. जाणाऱ्याने शिकलेले येणाऱ्याला मिळावे अशी सोयही सहसा केलेली नसते. शोधनिबंधांत त्यांचे नाव क्वचित येते. ‘उपकरण केंद्राचे आभार’ एवढ्यावर भागवले जाते.

हे बदलणे विद्यापीठांच्या आवाक्यात आहे. प्रत्येक मोठ्या यंत्रामागे एक कायम पद, त्या पदाला बढतीची वाट, दरवर्षी प्रशिक्षणासाठी निधी, आणि केंद्राच्या शुल्कातून जमणारी रक्कम केंद्राच्याच देखभालीसाठी राखून ठेवण्याचा नियम: व्यवस्थापन परिषदांनी एवढे ठराव करावेत. आणि संशोधकांनी आपला पुढचा निबंध पाठवण्यापूर्वी ज्यांनी नमुना तयार केला, यंत्र चालवले आणि चुकीचे शिखर वेळीच दाखवून दिले त्या तंत्रज्ञाचे नाव विचारून घ्यावे आणि आभारात ते पूर्ण लिहावे.